वीतभर किल्ला, हातभर घुमट

पुण्यात आम्ही फ्लॅट बुक केला तेव्हा बिल्डरच्या साइट ऑफिसात दाराशीच एक मॉडेल ठेवलेले होते. टेबलाएवढी काचेची पेटी, आत तीन इमारती, निळ्या ॲक्रिलिकचा पोहण्याचा तलाव, हिरव्या रंगात बुडवलेल्या स्पंजाची झाडे आणि खिडक्यांमागे पिवळे दिवे. आमच्या विंगच्या पश्चिमेला हिरवळ होती, हिरवळीवर बाक आणि बाकावर शेंगदाण्याएवढा एक म्हातारा. बायको म्हणाली, "हे तुम्ही." ताबा मिळाला तेव्हा हिरवळीच्या जागी ट्रान्सफॉर्मर उभा होता आणि त्याला लागून ओला-सुका कचरा वेगळा करायची शेड. म्हाताऱ्याला कुठे बसवायचे हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

राग आला तो बिल्डरपेक्षा स्वतःचा. सार्वजनिक बांधकाम खात्यात मी चौतीस वर्षे आरेखक होतो. प्लॅन, सेक्शन, एलेव्हेशन यांतच जन्म गेला. नकाशात एखादी भिंत लबाडी करत असेल तर ती मला टेबलाच्या पलीकडून दिसते. मंजूर नकाशा त्याच ऑफिसात भिंतीवर लावलेला होता. तो नीट वाचला असता तर ट्रान्सफॉर्मरचा चौकोन त्यात सापडलाही असता. पण वाचला नाही. कारण शेजारी मॉडेल होते, आणि त्यात दिवे लागले होते.

लेक लंडनला असते. उन्हाळ्यात या म्हणून तिचा धोशा चाललेला. मी म्हटले, येतो, पण फ्लोरेन्स, बार्सिलोना, पॅरिस करत येऊ आणि तिथली मॉडेले बघत येऊ. फोनवर ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "बाबा, खऱ्या इमारती तिथेच बाहेर उभ्या असतात. माहीत आहे ना?"

फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटावर जायला ४६३ पायऱ्या आहेत. आमच्या दोघांच्या मिळून चार गुडघ्यांपैकी एकच धड आहे, त्यामुळे ती रांग आम्ही सोडली आणि कॅथेड्रलच्या मागच्या अंगाला असलेल्या संग्रहालयात शिरलो. तिथे एका दालनात घुमटाचे लाकडी मॉडेल आहे. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातले, घुमट बांधणाऱ्या खुद्द ब्रुनेलेस्कीचे मानले जाते. रंग नाही, नक्षी नाही. जुन्या देव्हाऱ्याच्या लाकडासारखे काळपट तपकिरी, कडा बोथट झालेल्या. आठ बाजूंचा घुमट आणि त्याला चिकटून खालची अर्धगोल दालने, एवढेच. जवळच त्या काळच्या कप्प्या आणि हत्यारे मांडली आहेत, आणि ब्रुनेलेस्कीच्या मृत चेहऱ्याचा साचाही. हत्यारांपाशी मी बराच वेळ रेंगाळलो. बायको साच्यापाशी. "दमलेला दिसतो," ती म्हणाली.

दमायला कारण होते. या कॅथेड्रलचा पाया १२९६ साली घातला. घुमट कसा असेल हे १३६७ मध्ये ठरले, तेही मॉडेलवरून. ते मॉडेल विटांचे होते आणि कॅथेड्रलच्याच एका बाजूच्या दालनात बांधून ठेवलेले होते. चांगले खोलीएवढे. काम पाहणारे वास्तुकार आणि विश्वस्त दरवर्षी बायबलवर हात ठेवून शपथ घेत, की आम्ही या मॉडेलाबरहुकूमच बांधू. हे वाचले तेव्हा मी मनातल्या मनात आमच्या बिल्डरला त्या रांगेत उभे केले.

शपथ घेणे सोपे, बांधणे अवघड. सुमारे ४५ मीटर रुंदीचे ते भोक झाकायचे कसे हे शपथ घेणाऱ्यांतल्या कोणालाही माहीत नव्हते. एवढ्या मोठ्या कमानीखाली आधार द्यायचा, म्हणजे आपले गवंडी ज्याला सेंटरिंग म्हणतात ते करायचे, तर तेवढे लाकूड मिळवणेच मुश्कील. १४१८ साली स्पर्धा जाहीर झाली, बक्षीस २०० सोन्याचे फ्लोरिन. ब्रुनेलेस्की हा मूळचा सोनार. त्याने कागद पुढे केले नाहीत. गवंडी हाताशी धरून विटांचा एक मोठा घुमटच बांधून दाखवला, खाली एकही टेकू न लावता. दोनातेल्लो या शिल्पकाराने त्याला मदत केली. वाद घालणाऱ्यांना आत वाकून बघता येत होते. १४२० ला काम सुरू झाले, १४३६ ला घुमट पुरा झाला.

त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवलेली एक गोष्ट मला फार आवडते. दगड कसा घडवायचा हे पाथरवटांना समजावताना ब्रुनेलेस्की हाताला येईल त्याचे नमुने कापून द्यायचा. कधी मेण, कधी ओली माती, आणि हिवाळ्यात मोठे सलगम. आमच्या खात्यातले एक जुने मिस्त्री साइटवर डब्यातल्या काकडीचा जिन्याचा टप्पा कापून मजुरांना दाखवत. साहेब लोक हसायचे. त्या मिस्त्रींचे घराणे कुठवर जाते हे मला फ्लोरेन्समध्ये कळले.

दुसरी गोष्ट जास्त कामाची. ब्रुनेलेस्कीची मॉडेले मुद्दाम अपुरी असत. मुख्य भिंती आणि सांधे दाखवायचा, बाकी सगळे स्वतःच्या डोक्यात. कोणी कल्पना चोरू नये म्हणून. त्याच शहराशी नाते असलेला अल्बर्ती, पुढच्या पिढीतला, त्याने बांधकामशास्त्रावर ग्रंथ लिहिला. तोही मॉडेले साधी ठेवा म्हणतो, पण त्याचे कारण वेगळे. रंगवलेले, नटवलेले मॉडेल करणाऱ्याला बांधायचे नसते, बघणाऱ्याचे डोळे बांधायचे असतात, अशा अर्थाचे तो लिहितो. मॉडेल उघडेबोडके हवे, म्हणजे त्यात कारागिराचे हात न दिसता योजकाचे डोके दिसते. हा ग्रंथ १४५२ च्या आसपासचा. पाचशे सत्तर वर्षांपूर्वी एका माणसाने मला स्पंजाच्या झाडांबद्दल सावध केले होते आणि मी ते वाचलेले नव्हते.

बार्सिलोनात आम्ही दोनच दिवस होतो, त्यातला अर्धा दिवस पावसात गेला. पण कासा मिला या वास्तुकार गौदीच्या इमारतीच्या माळ्यावर जे पाहिले त्याने माझी मॉडेलाची व्याख्याच बदलली. छतापासून साखळ्यांचे जाळे खाली लोंबते आहे, द्राक्षाच्या मांडवासारखे, आणि खाली आरसा ठेवला आहे. आरशात बघितले की लोंबणाऱ्या साखळ्या उलट्या होऊन कमानी आणि मनोरे बनतात. दोन टोकांना धरलेली साखळी आपल्या वजनाने जो आकार घेते तोच आकार उलटा केला तर विटांची कमान नुसत्या दाबावर उभी राहते. हे तत्त्व इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने १६७५ मध्ये अक्षरांच्या कोड्यात लपवून छापले होते. गौदीने त्यावर अख्खे चर्च बेतले. कोलोनिया ग्वेल इथल्या त्या चर्चसाठी दोऱ्या आणि शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या टांगून त्याने १:१० प्रमाणाचे मॉडेल केले. त्यात जवळजवळ दहा वर्षे गेली. एक पिशवी हलवली की सगळे जाळे थोडे सरकते आणि नवा तोल धरते. म्हणजे मॉडेल इथे गणित करत होते.

असे गणित करणारी मॉडेले आपल्याकडेही आहेत आणि खडकवासल्याला मी ती नोकरीच्या निमित्ताने पाहिली आहेत. केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासूनचे. तिथे उघड्या मैदानात सिमेंटचे सांडवे आणि बंदरे करून त्यांतून पाणी सोडतात. गंमत अशी की लांबी शंभर पटींनी लहान केली तरी वेळ शंभर पटींनी लहान होत नाही, दहा पटींनी होतो. नदीतला तासाभराचा पूर मॉडेलवर सहा मिनिटांत ओसरतो.

बार्सिलोनातच, गौदीच्या सग्रादा फमिलिया या चर्चच्या तळघरातल्या संग्रहालयात प्लास्टरची तुटकी मॉडेले चिकटवून ठेवलेली दिसतात. १९३६ मध्ये यादवी युद्धाच्या सुरुवातीला जमाव कार्यशाळेत घुसला, कागद जाळले, मॉडेले फोडली. गौदी तोवर जाऊन दहा वर्षे झाली होती. पुढच्यांनी तुकडे गोळा केले, जुळवले आणि त्यांवरून मापे काढत काम पुढे नेले.

पॅरिसला मात्र मी सलग दोन दिवस एकाच जागी काढले. आँव्हालिद या वास्तूत नेपोलियनची कबर आहे, तिथे गर्दी असते. त्याच आवारात सैन्याचे संग्रहालय आहे, तिथेही असते. त्याच तिकिटावर अगदी वरच्या मजल्यावर, छपराखाली, लांबलचक अंधाऱ्या दालनांचे एक संग्रहालय आहे. 'प्लाँ-रलिएफ' म्हणजे उठावाचे नकाशे. तिथे पहिल्या दिवशी आमच्याशिवाय एक शाळेची सहल होती. ती गेल्यावर फक्त आम्ही आणि पहारेकरी.

अंधार अशासाठी, की मॉडेलांत रेशीम आहे, कागद आहे, रंग आहे, त्यांना उजेड सोसत नाही. डोळे सरावायला पाच मिनिटे जातात. मग काचेखाली एकेक गाव उगवते. पेर्पिन्यां, बायोन, सँ-मार्तें-द-रे. समुद्रातला इफचा किल्ला. वाळूत एकटा उभा मों-सँ-मिशेल, हा सतराव्या शतकाच्या अखेरीस मठातल्या साधूने केलेला, इतरांहून मोठ्या प्रमाणाचा.

सुरुवात झाली १६६८ मध्ये. चौदाव्या लुईने फ्लँडर्समधली गावे जिंकली होती आणि त्याचा युद्धमंत्री लुव्वा याने सरहद्दीवरच्या तटबंद गावांची मॉडेले करवून घ्यायला सुरुवात केली. तटबंदी बांधणारा व्होबां हा त्या काळचा सगळ्यात मोठा दुर्गतज्ज्ञ. तो सरहद्दीवर, राजा दरबारात. मधल्या अंतरावर तोडगा म्हणजे हे मॉडेल. प्रमाण ठरवले शंभर त्वाझला एक फूट. सहा फुटांचा एक त्वाझ, म्हणजे १:६००. पुढच्या दोनशे वर्षांत सुमारे दीडशे ठिकाणांची मिळून २६० मॉडेले झाली. आज शंभरेक उरली आहेत, त्यांतली २८ इथे मांडलेली.

या प्रमाणाची सवय व्हायला मी मनातल्या मनात आपले किल्ले लहान करत होतो. समुद्रसपाटीपासून धरला तर रायगड साधारण १ मीटर ३७ सेंटिमीटर भरेल, बायकोच्या खांद्याला लागेल एवढा. साडेपाच फुटी माणूस जेमतेम पावणेतीन मिलिमीटर. पण माणूस इथे नाहीच. दोन दिवसांत मला एकाही मॉडेलात एकही माणूस दिसला नाही.

बाकी सगळे आहे. मी एका घराच्या ओळीपाशी खाली बसलो, काचेला नाक लावून. घर म्हणजे आगपेटीच्या काडीच्या गुलापेक्षा थोडा मोठा लाकडी ठोकळा, त्यावर कागद चिकटवलेला, कागदावर खिडक्या रंगवलेल्या. सगळ्या घरांना सारख्या नाहीत. एकाला तीन, शेजारच्याला दोन आणि एक बुजवलेली. मागच्या अंगणात भिंत, भिंतीला लागून भाजीचे वाफे. झाडे म्हणजे बारीक तारेला पिळलेले रेशमाचे धागे. शेते रेशमाच्या रंगीत भुकटीची, नांगरटीची दिशासुद्धा वेगवेगळी. हे कोणी कल्पनेने केलेले नाही. अभियंते त्या गावात महिनोन् महिने मुक्काम करत, रस्ता रस्ता मोजत, घरांच्या दर्शनी बाजू वहीत उतरवून घेत. मग कारखान्यात टेबलाटेबलांवर तुकड्यांनी मॉडेल तयार होई. तुकड्यांचे सांधे सरळ रेषेत नाहीत, रस्त्याच्या आणि तटाच्या कडेने वेडेवाकडे कापलेले, जुळवल्यावर शिवण दिसू नये म्हणून. आरेखक म्हणून मी त्या शिवणी शोधत बसलो. एका मॉडेलात तीन सापडल्या. आणखी असणार.

आता याचा उपयोग काय? राजाला मिरवायला तर होताच. पण खरा उपयोग उंचीचा. कागदावरच्या नकाशात टेकडी चपटी असते, तिच्यामागे काय दडते ते कळत नाही. सहाशे मीटरवर तोफ लावली तर मॉडेलात ती तटापासून एक मीटरवर येते. दोरा धरा, डोळा लावा, गोळा कुठल्या बुरुजावर पडेल ते दिसते. आपल्याकडे १६६५ च्या एप्रिलमध्ये दिलेरखानाने आधी शेजारचा वज्रगड घेतला आणि तिथून पुरंदरला जेरीस आणले. शेजारची उंची शत्रूच्या हाती गेली की किल्ला गेला, हे आपल्या लोकांना पुरते कळले होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, स्पष्ट लिहिले आहे की गडाजवळ दुसरा डोंगर असू नये, असला तर सुरुंगांनी उडवून कमी करावा, नाहीतर तोही बांधून घ्यावा. एकाच सुमाराला दोन राज्यांना एकच काळजी. आपण ती शब्दांत बांधली, त्यांनी रेशमात आणि लाकडात. आपल्या वाक्याला पहारा लागत नव्हता. त्यांच्या मॉडेलांना लागत होता, कारण ज्याने ती पाहिली त्याला फ्रान्सची सरहद्द कळली. ती लूव्हरच्या मोठ्या दालनात ठेवलेली असत आणि राजाच्या परवानगीशिवाय कोणाला आत सोडत नसत. १७१७ मध्ये रशियाच्या पीटर द ग्रेटला ती दाखवली. पाहुण्याला कपाटातली बंदूक दाखवावी तसे.

लूव्हरमध्ये चित्रे लावायची ठरली तेव्हा, १७७७ मध्ये, सगळा पसारा या माळ्यावर आला. १८१५ मध्ये नेपोलियन हरला आणि प्रशियन सैन्याने काही मॉडेले लुटीत बर्लिनला नेली. स्ट्रासबुर्गचे १९०३ मध्ये त्या शहराला परत मिळाले, लीलचे थेट १९४८ मध्ये. नंतर १९८० च्या दशकात लीलचा महापौरच फ्रान्सचा पंतप्रधान होता. त्याने सगळा संग्रह आपल्या गावी हलवायचा घाट घातला, मॉडेले गेलीही. सरकार बदलले, ती परत आली, आणि तडजोड म्हणून काही लीललाच राहिली. हे वाचून मला फार घरचे वाटले. संग्रहालय कोणत्या जिल्ह्याला, यावरून आपल्याकडेच भांडतात असे नाही.

१८७० च्या सुमाराला हे काम थांबले. तोफांचा पल्ला इतका वाढला की तट असला काय आणि नसला काय. आणि मग या मॉडेलांना दुसरेच मोल आले. यांतल्या कित्येक गावांचे तट पुढे पाडले गेले, गल्ल्या रुंद झाल्या, महायुद्धांत घरे गेली. ज्या गावकऱ्यांना त्यांच्याच गावाचे मॉडेल बघायची मुभा नव्हती त्यांच्या पणजोबांचे परसदार आज फक्त इथे, या अंधारात शिल्लक आहे. एका खिडकीपाशी असा विचार करत होतो तेवढ्यात बायको म्हणाली, "आपल्या वाड्यातला दिवाळीचा किल्ला आठवतो?"

आठवतो म्हणजे काय. विटांवर गोणपाट, गोणपाटावर लाल माती, त्यावर पेरलेले अळीव, वर सिंहासन. आणि बाजारातून आणलेला मावळा महादरवाजापेक्षा दुप्पट उंच. शेजारचा वाघ मावळ्याएवढा, वाघाशेजारी गवळण. आम्ही प्रमाणाची काडीचीही पर्वा केली नाही. आज चौतीस वर्षे स्केलपट्टी धरल्यावर मला वाटते, आमचा किल्ला लुईच्या किल्ल्यापेक्षा एका बाबतीत खरा होता. त्यात माणसे होती, आणि किल्ल्यापेक्षा मोठी होती.

लंडनला पोचल्यावर लेकीने दोन ठिकाणांची वेळ आधीच घेऊन ठेवली होती. सर जॉन सोन याचे घर म्हणजे आताचे संग्रहालय, लिंकन्स इन फील्ड्स या चौकात. हा बँक ऑफ इंग्लंडचा वास्तुकार. १८३३ मध्ये पार्लमेंटकडून कायदाच करून घेतला, की माझ्यामागे हे घर आहे तसे ठेवावे. वरच्या मजल्यावर त्याची मॉडेलांची खोली आहे, मार्गदर्शकाबरोबरच जावे लागते. मधोमध पाँपेईचे मोठे मॉडेल, बुचाचे. पडक्या भिंतींना बूच किती शोभते ते बघून घ्यावे. त्याला मुळातच भोके असतात, कारागिराला झीज कोरावी लागत नाही. कपाटांवर फूके या कारागिराने केलेली पांढऱ्याशुभ्र प्लास्टरची ग्रीक-रोमन देवळे. मोडतोड होण्याआधीची, साखरेच्या हलव्यासारखी. अर्ध्या खोलीत पडझड, अर्ध्या खोलीत नवेपण. अर्ध्या तासात बघून झाले.

सेंट पॉल्सचे मात्र तसे नाही. कॅथेड्रलच्या वरच्या सज्ज्यात, एका मोठ्या खोलीत, क्रिस्टोफर रेन या वास्तुकाराचे 'ग्रेट मॉडेल' आहे. ओक आणि प्लास्टरचे, सहा मीटरांहून लांब, चार मीटर उंच, साधारण १:२५. १६६६ च्या लंडनच्या आगीत जुने कॅथेड्रल गेले, त्यानंतर १६७३-७४ मध्ये हे केले. खर्च सुमारे ६०० पौंड, तेवढ्यात त्या काळी लंडनमध्ये चांगले घर आले असते. उंच चौथऱ्यावर बसवले आहे आणि खालून आत शिरता येईल अशी सोय आहे, म्हणजे दुसरा चार्ल्स राजा आत उभा राहून मान वळवील आणि त्याला खरोखर कॅथेड्रलमध्ये उभे असल्यासारखे दिसेल. मला हा फरक फार मोठा वाटला. बाकी सगळी मॉडेले वरून बघायची असतात. वरून बघणारा नेहमी राजा असतो नाहीतर गिऱ्हाईक. इथे राजालाही खाली उभे केले होते.

आणि हे मॉडेल नापास झाले. राजाला आवडले, धर्मगुरूंना नाही. त्यांना लांब दालनाचे नेहमीचे चर्च हवे होते, रेनने मध्यावर घुमट असलेला चारी बाजूंनी जवळजवळ सारखा आराखडा दिला होता. शिवाय तो टप्प्याटप्प्याने बांधता येणारा नव्हता. सगळे झाल्याशिवाय काहीच वापरता येणार नाही. रेन रडला असे सांगतात. त्याच्या घराण्याने छापलेल्या आठवणींत आहे की त्याने ठरवले, यापुढे मॉडेल करायचे नाही आणि आराखडेही चारचौघांत मांडायचे नाहीत, कारण त्यात वेळ जातो आणि न कळणारे लोक न्यायाधीश होऊन बसतात. १६७५ मध्ये त्याने एक बेताचा आराखडा मंजूर करून घेतला. राजाने त्यात वेळोवेळी योग्य वाटतील ते किरकोळ फेरफार करायची मुभा दिली. रेनने त्या मुभेच्या जोरावर पस्तीस वर्षे फेरफार केले. जे उभे राहिले ते मंजूर आराखड्याच्या जवळपासही नाही.

"म्हणजे याने पण तुमच्या बिल्डरचेच केले," लेक म्हणाली.

मला उत्तर सुचले नाही. सज्ज्यातून खाली आलो, घुमटाखाली उभे राहून वर बघितले. फ्लोरेन्समध्ये मॉडेलावर शपथ घेऊन घुमट झाला, इथे मॉडेलाला रामराम ठोकून झाला, आणि दोन्ही घुमट उभे आहेत. आरेखकाच्या न्यायबुद्धीला हे पटत नाही. पण रेनने मंजुरीपेक्षा चांगले दिले. ट्रान्सफॉर्मर दिला नाही. फरक करायचा तर तिथे करावा लागेल, आणि तो फरक मंजुरीच्या वेळी दिसत नाही, ही खरी अडचण.

परत आल्यावर रेराचा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाचा, कायदा काढून वाचला. २०१६ चा. त्यातले कलम १२ असे आहे की जाहिरात, माहितीपत्रक, किंवा नमुना सदनिका, भूखंड वा इमारत यांवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्यात दिलेली माहिती खोटी निघून नुकसान झाले, तर प्रवर्तकाने भरपाई द्यायची. गिऱ्हाईकाला प्रकल्पातून बाहेर पडायचे असेल तर पूर्ण रक्कम व्याजासह परत. तेव्हा बुकिंगला जाल तर मॉडेलाचे चारी बाजूंनी, तारीख दिसेल असे फोटो काढा. आणि एकदा तरी गुडघे टेकून, बाकावरच्या म्हाताऱ्याच्या उंचीवरून, त्याला समोर काय दिसणार आहे ते बघा. माझ्याकडे एकही फोटो नाही.